घरची पीसीबी : छापखाना, नेलपॉलिश आणि इस्त्री

घरी बनवलेली पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघांनी सुटे भाग जोडणारा तक्ता) म्हणजे कारखान्यातल्या बोर्डाची काटकसरीची नक्कल, असं बरेच जण धरून चालतात. इतिहास पाहिला तर हे पटत नाही. या तंत्राची सुरुवातच भाड्याच्या खोलीत झाली आणि त्यातली जवळपास प्रत्येक युक्ती शेजारच्या कुठल्या तरी धंद्यातून उचललेली आहे.

पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर. छपाईच्या कामाशी त्याची ओळख तिथेच झालेली. ज्यूंना मायदेशी काम मिळेनासं झालं तेव्हा, १९३६ साली, तो लंडनला आला आणि हॅम्पस्टेडमधल्या खोलीवर त्याने छापील सर्किटचा रेडिओ बनवला. त्या काळी रेडिओ उघडला की आत तारांचं जंजाळ असे आणि एकेक जोड हाताने द्यावा लागे. आयस्लरची कल्पना साधी होती. वीज न वाहणाऱ्या तक्त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, हव्या त्या रेघा शाईने झाकायच्या आणि उघडं राहिलेलं तांबं रसायनाला खाऊ द्यायचं. छापखान्यात चित्रांचे ब्लॉक याच रीतीने कोरले जात. त्याने ही कल्पना प्लेसी कंपनीपुढे मांडली, पण तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात, असं म्हणून ती नाकारली गेली. आधार दिला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या छापखान्याने. पेटंटचे अर्ज १९४३ साली दाखल झाले.

तारांऐवजी धातूच्या सपाट पट्ट्या वापरण्याचा विचार त्याच्याआधी अल्बर्ट हॅन्सनने १९०३ मध्ये आणि चार्ल्स ड्यूकसने १९२५ मध्ये केला होता. पण आज घरोघरी चालते ती खोदाईची रीत आयस्लरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजमध्ये (लक्ष्याजवळ पोचताच गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत) छापील सर्किट वापरलं आणि युद्धानंतर ते रेडिओ-टीव्हीत आलं.

हौशी मंडळींनी ते उचललं, कारण लागणारं सामान बाजारात होतंच. तांबं खाणारं रसायन, फेरिक क्लोराईड, तर ब्लॉक कोरणारे आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रं काढणारे कलावंत आधीपासून वापरत होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कॉपर क्लॅड बोर्ड (तांब्याचा पत्रा चिकटवलेला तक्ता) घ्यायचा, मासिकात छापलेला रेघांचा मूळ मापाचा नकाशा कार्बन पेपरने त्यावर उतरवायचा आणि रेघा एनॅमल पेंटने, नेलपॉलिशने किंवा मार्करने भरायच्या आणि मग बोर्ड फेरिक क्लोराईडच्या द्रवात सोडायचा. कित्येकांचं इलेक्ट्रॉनिक्स इथूनच सुरू झालं.

या पायरीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळी कसोटी इथेच लागते. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो. फेरिक क्लोराईड त्याला खातं आणि तांबं क्लोराईड होऊन द्रवात उतरतं. आधी कडांचं तांबं जातं, मोठ्या मोकळ्या भागाच्या मधलं सर्वांत शेवटी. ते जाण्याची वाट पाहत बसलं की कडेच्या बारीक रेघा रंगाखालूनही पोखरल्या जातात. म्हणून जाणते लोक ट्रे हलवत राहतात, द्रव कोमट ठेवतात किंवा बोर्ड तांब्याची बाजू खाली करून तरंगता सोडतात. विरघळलेलं तांबं जड असल्याने खाली बसतं आणि ताजा द्रव वर पोचतो. ट्रे प्लास्टिकचा हवा, स्टील-ॲल्युमिनियमला हा द्रव खाऊन टाकतो. वापरलेला द्रव मोरीत ओतू नये. त्यातलं तांबं माशांना विषारी असतं.

पुढची उडी ऑफिसातून आली. एचपीचा लेझरजेट हा लेझर प्रिंटर १९८४ साली बाजारात आला. त्याचा टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची भुकटी. उष्णतेने वितळते, तांब्याला चिकटते आणि फेरिक क्लोराईडला दाद देत नाही. नकाशा आरशात दिसतो तसा उलटा छापायचा, कागद बोर्डावर पालथा ठेवायचा, गरम इस्त्री दाबून फिरवायची आणि मग पाण्यात भिजवून बोटाने कागद चोळून काढायचा. गुळगुळीत मासिकाचा कागद चालतो, कारण त्याच्यावरचा मुलामा पाण्यात सुटतो. इंकजेटचा उपयोग नाही, त्याच्या शाईत वितळणारं प्लास्टिक नसतं. इस्त्रीचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून पुढे लॅमिनेशन मशीन आलं. नकाशा काढायला १९८८ पासून ईगल हे सॉफ्टवेअर होतं. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारा यांनी कायकॅड हे तसंच सॉफ्टवेअर सुरू केलं आणि ते फुकट असल्याने विद्यार्थ्यांच्या हातात पोचलं.

रसायन अजिबात नको असणाऱ्यांनी मिलिंगची वाट धरली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या फॅब लॅबमध्ये (लोकांनी स्वतः वस्तू बनवण्याच्या कार्यशाळेत) छोट्या मशीनवर तांबं खरवडून बोर्ड बनवतात. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. खेड्यातल्या मुलांनी स्वतःचा बोर्ड स्वतः कोरावा, हे मला या सगळ्या इतिहासातलं मोलाचं वळण वाटतं.

आता चीनमधून थोडक्या पैशांत बोर्ड बनून येतात. तरी आजच्या आज बोर्ड हवा असेल, सर्किट एकपदरी (एकाच बाजूला तांबं असलेलं) असेल, तर घरची रीत अजून सोयीची पडते. अडतं ते दुपदरी बोर्डाच्या, दोन्ही बाजूंच्या रेघा जोडणाऱ्या भोकांपाशी. कारखाना भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा मुलामा चढवतो. घरी ते नीट साधणं फार कठीण. म्हणून अजूनही भोकातून बारीक तार ओवून ती दोन्ही बाजूंनी सोल्डर केली जाते.