जामीन

जामीन म्हणजे केस चालू असताना आरोपीला कोठडीबाहेर राहू देणं, आणि बदल्यात तो तारखेला हजर होईल अशी हमी घेणं. बोलताना लोक सरळ बेल म्हणतात, बेल झाली की 'सुटला' असंही म्हणतात, पण तो सुटलेला नसतो, केस तशीच उभी असते, तारखा पडत राहतात आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षाही होते. उलट बाजूने, बेल रिजेक्ट झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असंही नाही. हे दोन्ही गैरसमज फार पसरलेत. गंमत नाही, पण खरं आहे की 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती, फक्त जामीनपात्र गुन्हा कशाला म्हणायचं ते दिलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 2 मध्ये ती आली, आणि आरोपीने एकट्याने दिलेला बाँड म्हणजे हमीपत्र वेगळा, जामीनदारासकट दिलेला बेल बाँड वेगळा हेही तिथेच स्पष्ट झालं.

ही पद्धत आपल्याकडे आली कुठून यावर दोन-तीन मतं आहेत. एक मत स्मृतींकडे जातं. याज्ञवल्क्य स्मृतीत प्रातिभाव्य, म्हणजे दुसऱ्यासाठी जामीन राहणं, तीन कारणांसाठी सांगितलंय, माणसाला हजर करणं, त्याच्याबद्दल विश्वास देणं आणि पैसे भरणं. दुसरं मत फारसी कारभाराकडे बोट दाखवतं, कारण जामीन हा शब्दच अरबी-फारसीतून आलाय आणि मराठेशाहीतल्या कागदपत्रांत हाजीरजामीन, मालजामीन, फैलजामीन असे प्रकार सर्रास येतात. हाजीरजामीन माणूस हजर करायचा, मालजामीन पैशाची जबाबदारी घ्यायचा, फैलजामीन पुढच्या वागणुकीची. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आणि त्याच्याबरोबर जामीनकतबा, म्हणजे जामिनाचा लेख, लिहून घ्यायची रीत होती. आता यातला हाजीरजामीन आणि स्मृतीतला हजर करणारा प्रतिभू, म्हणजे जामीनदार, जवळजवळ एकच दिसतात, त्यामुळे सलग परंपरा होती असं काही अभ्यासक मानतात, पण मधल्या काही शतकांचा पुरावा तुटक आहे आणि नुसत्या सारखेपणावरून एवढं म्हणणं जरा धाडसाचं वाटतं. शिवाय जुना जामीन बराचसा दिवाणी आणि महसुली व्यवहारातला आहे, कोठडीतल्या आरोपीचा कमी. आजचा कायदा मात्र इंग्लंडवरून आलाय यात फारसा वाद नाही. तिथे 1275 च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात कोणत्या गुन्ह्यात सोडायचं, कोणत्यात नाही अशी वाटणी झाली, आणि आपल्याकडे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून 1872, 1882, 1898 असं होत होत ती 1973 पर्यंत आली. म्हणजे ढाचा इंग्रजी, शब्द आणि जामीनदाराची चाल इथली, असं धरणं जास्त बरोबर वाटतं.

प्रकार सगळ्यांना साधारण माहीत असतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, तो पोलीस स्टेशनलाही होतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. अटकपूर्व जामीन 1973 च्या संहितेत पहिल्यांदा आला, विधी आयोगाच्या 1969 च्या 41 व्या अहवालात त्याची शिफारस होती, आणि तो ठरावीक मुदतीपुरताच द्यायचा का हा घोळ 2020 साली सुशीला अग्रवाल केसमध्ये पाच न्यायाधीशांनी मिटवला, साधारणपणे मुदत घालायची गरज नाही म्हणून. यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदा कारवायांविरुद्धचा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा) अशा कायद्यांत जामिनाच्या अटी फार कडक आहेत.

खरा गुंता आहे तो डिफॉल्ट बेलमध्ये. पोलिसांनी 60 किंवा 90 दिवसांत (गुन्हा किती मोठा त्यावर) चार्जशीट म्हणजे आरोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्क मिळतो, पुरावा किती भक्कम आहे हे तिथे बघतच नाहीत. 1973 च्या संहितेत हे कलम 167 होतं, नव्या संहितेत 187. दिवस मोजायचे कधीपासून? अटकेच्या दिवसापासून नाही, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने कोठडीत पाठवल्याच्या दिवसापासून, हे 1986 च्या चगंती सत्यनारायण निकालात ठरलं. पण तो रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा यावर पुढे सुप्रीम कोर्टाचेच निकाल एकमेकांविरुद्ध गेले, 1995 च्या रुस्तम निकालात तो दिवस सोडला गेला, आणि शेवटी मार्च 2023 मध्ये कपिल वाधवान केसमध्ये तीन न्यायाधीशांनी सांगितलं की धरायचा. म्हणजे 1 जानेवारीला रिमांड झाली आणि लीप वर्ष नसेल तर 60 वा दिवस 1 मार्च, तोवर चार्जशीट आली नाही तर 2 मार्चला हक्क तयार. तो दिवस सोडला असता तर हक्क 3 मार्चला आला असता, आणि मधल्या त्या एका दिवसात चार्जशीट दाखल झाली की सगळंच गेलं. म्हणून हा वाद कागदी नाही, त्यावर माणसाचं आत-बाहेर ठरतं. 60 की 90 हेही भांडणाचंच, राकेश कुमार पॉल केसमध्ये 2017 साली दोन विरुद्ध एक असं ठरलं की 90 दिवसांसाठी गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा असायला हवी, नुसती 'दहा वर्षांपर्यंत' पुरत नाही. नव्या संहितेत शब्दरचना थोडी बदललीय त्यामुळे प्रश्न परत निघतो, पण बहुमताचाच अर्थ पुढे चालू ठेवणं योग्य वाटतं. आणि हा हक्क आपोआप मिळत नाही, चार्जशीट यायच्या आत मागावा लागतो, तोंडी मागितला तरी चालतो.

आता जामीनदार. जातमुचलका, ज्याला कोर्टात पीआर बाँड म्हणतात, तो आरोपीचा स्वतःचाच असतो, त्याला माणूस लागत नाही. शुरिटी मागितली की मात्र ओळखीचा, ऐपतीचा माणूस आणायचा, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक, रेशन कार्ड, आधार, कधी कधी तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट म्हणजे ऐपतीचा दाखला. शहरात कामाला आलेल्या परक्या माणसाने असा माणूस आणायचा कुठून? 1978 च्या मोतीराम केसमध्ये एका गवंड्याकडे 10,000 रुपयांची शुरिटी मागितली होती आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार म्हणून त्याला नाकारलं होतं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं. तरीही जामिनाची ऑर्डर झालेली आणि माणूस आत, असं आजही होतं, आणि ही फार वाईट गोष्ट आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार आणता आला नाही तर आरोपी गरीब आहे असं धरायचं अशी तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की महिनाभरात बाँड भरले गेले नाहीत तर कोर्टाने अटी सैल करायचा विचार करावा. नव्या संहितेच्या कलम 479 मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने (केसचा निकाल लागायच्या आधीच आत असलेल्याने) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असं आहे, बाकीच्यांना निम्मा काळ, पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त केसेस असणाऱ्यांना ते लागू नाही.

आरोपी पळाला तर बाँड जप्त होतो आणि जामीनदाराला रक्कम भरायची नोटीस निघते, कोर्ट ती कमी करू शकतं. जामीनदाराला मध्येच बाहेर पडायचं असेल तर तो अर्ज देऊ शकतो, मग आरोपीवर वॉरंट निघतं, तो हजर झाला की जुना जामीनदार मोकळा होतो आणि आरोपीला दुसरा आणायला सांगतात, नाही आणला तर परत जेल.