डॉक्सीच्या गोळ्या चालू असताना नवे फोड: मुरूम की यीस्ट?

मुरूम कसे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. घोळ पुढे होतो. डॉक्सीसायक्लीन, म्हणजे मुरमांसाठी देतात ती अँटिबायोटिक गोळी, बरेच दिवस चालू असते, गालावरचे मुरूम बसत आलेले असतात आणि अचानक कपाळावर केसांच्या कडेला, छातीवर, पाठीवर बारीक पुटकुळ्या उठतात. घरचे म्हणतात, पिंपल्स परत आले, गोळ्या अजून महिनाभर घे. अशा वेळी आधी शंका घ्यावी ती मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिसची, म्हणजे यीस्टमुळे केसांच्या मुळांना येणाऱ्या सुजेची.

मॅलॅसेझिया हे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, तिथल्या तेलावर जगतं. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मरतात, यीस्टला काही होत नाही. उलट त्याला मोकळं रान मिळतं. त्यात मुंबई-कोकणातला दमट घाम असला की विचारूच नका.

खाज आहे म्हणजे यीस्ट, एवढ्यावर निकाल देणं मला पटत नाही. खाज बहुधा असते, पण खरी खूण ब्लॅकहेडची. चांगल्या उजेडात पाठ नीट बघायला सांगा. मुरमांमध्ये सगळी सरमिसळ असते: ब्लॅकहेड, व्हाइटहेड, लाल फोड, एखादी दुखरी गाठ, जुने डाग. यीस्टच्या पुटकुळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. एक-दोन मिलिमीटरच्या, केसाच्या मुळाशी उठलेल्या, काहींच्या टोकाला पू; आणि त्यांच्यात ब्लॅकहेड शोधूनही सापडत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून गालावरच्या ब्लॅकहेडवरून पाठीचा निर्णय करू नका. प्रत्येक जागा वेगळी तपासायची.

शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ पुटकुळीतला नमुना काढून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी तपासणी आहे, ती टाळून अँटिबायोटिक बदलत राहणं मला अजिबात मान्य नाही. उपचार अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचा: इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, सोबत किटोकोनॅझोलचा शांपू अंगाला. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, कारण यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि इतर काही औषधांशी त्यांचं जमत नाही. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तर लावूच नका. लाली चार दिवस उतरते, यीस्ट मात्र वाढत राहतं.

नाक-तोंडाभोवती एकदम पुवाचे फोड आले तर ते तिसरंच, ग्रॅम-निगेटिव्ह फॉलिक्युलायटिस. तेही बहुधा लांबलेल्या अँटिबायोटिकमुळे होतं, पण ते बॅक्टेरियाचं. तिथे अँटिफंगलचा उपयोग नाही, पुवाचं कल्चर (कोणता जंतू आहे ते प्रयोगशाळेत वाढवून बघणं) करायला सांगा.