सुझुकी आणि इसुझु: जवळची नावे, वेगळा लौकिक

सुझुकी आणि इसुझु ही नावे कानाला इतकी जवळची वाटतात की एक कंपनी दुसरीची शाखा असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन जपानी कंपन्यांचा जन्म वेगळ्या गावांत आणि वेगळ्या धंद्यांतून झाला. सुझुकी हे संस्थापकाचे आडनाव आहे, तर इसुझु हे इसे येथील प्राचीन देवस्थानाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव आहे. मात्र गोंधळाला नावांखेरीज इतरही सबळ कारणे आहेत. दोन्ही कंपन्यांत अमेरिकेतील जनरल मोटर्सचा हिस्सा अनेक वर्षे होता, दोघींच्या गाड्या अमेरिकेत एकाच नाममुद्रेखाली विकल्या गेल्या, आणि दोघी एकाच मासिकाविरुद्ध एकाच स्वरूपाच्या आरोपावरून न्यायालयात गेल्या. इतकी साम्ये असूनही दोघींचा लौकिक मुळातून वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचे कारण गिऱ्हाइकात सापडते. सुझुकीची गाडी घेतो तो घरासाठी पै-पैचा हिशेब करणारा माणूस. इसुझुची गाडी घेतो तो त्या गाडीवर पोट भरणारा माणूस.

मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सु येथे मागांचा कारखाना काढला आणि पुढची चार दशके कंपनीचा जीव कापड विणण्याच्या यंत्रांतच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मागांची मागणी ढासळली, तेव्हा १९५२ मध्ये सायकलला बसवता येईल असे ३६ सीसीचे छोटे इंजिन त्यांनी बाजारात आणले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५५ मध्ये, ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीची, पुढच्या चाकांना गती देणारी छोटी मोटार आली. तिचा आराखडा ठरवताना परदेशी छोट्या गाड्या आणून त्यांचा अभ्यास झाला होता आणि त्यांपैकी लॉइड या जर्मन गाडीचा प्रभाव सर्वांत ठळक होता. मोटार तयार झाल्यावर तिचे नमुने हमामात्सुहून हाकोनेचा घाट चढून टोकियोला नेण्यात आले, कारण तेथील यानासे या प्रतिष्ठित मोटार विक्रेत्यांचे मत कंपनीला हवे होते. सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता खराब होता, गाड्या वाटेत कुरकुरल्या आणि रात्री फार उशिरा पोचल्या. यानासे मात्र थांबून राहिले होते. त्यांनी त्याच रात्री गाडी चालवून पाहिली आणि पसंतीची पावती दिली. माग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने घाटात गाडी घालून आपली परीक्षा स्वतःच घेतली, हे मला तिच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज वाटते.

इसुझुचे मूळ याहून जड उद्योगात आहे. तिचा वंश टोकियोतील इशिकावाजिमा जहाजबांधणी कंपनीपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत मागे जातो. या जहाजवाल्यांनी १९१८ मध्ये इंग्लंडच्या वूल्सली कंपनीशी करार करून तिच्या गाड्या जपानमध्ये बनवण्याचा परवाना मिळवला आणि १९२२ मध्ये पहिली वूल्सली मोटार तयार केली. पण त्या काळच्या जपानमध्ये खासगी मोटार घेणारे लोक मूठभर होते. खरी मागणी होती ती लष्कराला लागणाऱ्या मालगाड्यांची, आणि अशा गाड्यांना सरकारी अनुदानही मिळे. १९३०च्या दशकात सरकारने प्रमाणित ट्रकचा नमुना ठरवला आणि त्याला इसुझु हे नाव मिळाले. १९३६ मध्ये हवेने थंड होणारे डिझेल इंजिन तयार झाले, १९३७ मध्ये आजच्या कंपनीची नोंदणी झाली आणि १९४१ मध्ये तिचे नावच डिझेल मोटर इंडस्ट्री असे ठेवले गेले. पुढच्या वर्षी तिच्यातून एक कारखाना वेगळा निघाला, तीच आजची हिनो कंपनी. इसुझु मोटर्स हे नाव कंपनीने १९४९ मध्ये घेतले.

दोघींच्या स्वभावातला फरक पाहायचा तर १९७९ची सुझुकी आल्टो जवळून पाहावी. ओसामु सुझुकी हे विवाहाने या घराण्यात आले आणि १९७८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या वेळी जपानमध्ये प्रवासी मोटारींवर वस्तुकर लागत असे, पण छोट्या मालवाहू गाड्यांना तो माफ होता. पाहणीत असे दिसत होते की लहान मोटारींत बहुतेक वेळा एक किंवा दोनच माणसे बसतात. मग मागचे आसन नावापुरते ठेवून गाडीची नोंद मालवाहू म्हणून करायची आणि कराचा बोजा टाळायचा, असा मार्ग काढण्यात आला. चालकाशेजारच्या दाराला कुलपाचे छिद्र ठेवले नाही आणि काचेवर पाणी मारायला विजेऐवजी हाताने दाबायचा पंप दिला. अशी कात्री लावत किंमत देशभर एकसारखी ४,७०,००० येन ठेवली गेली. ज्या गावांत बस क्वचित येते, तिथल्या स्त्रियांना ही गाडी दुसरी मोटार म्हणून परवडली आणि तिने जपानमधील छोट्या गाड्यांचा बाजार नव्याने उभा केला.

याच पिढीच्या आल्टोवरून आपली पहिली मारुती ८०० तयार झाली. भारत सरकारच्या मारुती उद्योग कंपनीशी सुझुकीचा करार ऑक्टोबर १९८२ मध्ये झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली पडली. इंजिन मात्र ७९६ सीसीचे होते, कारण जपानमधील छोट्या गाडीवरची तेव्हाची ५५० सीसीची मर्यादा इथे लागू नव्हती. सुरुवातीला २६ टक्के असलेला सुझुकीचा हिस्सा वाढत वाढत २००२ मध्ये निम्म्यापलीकडे गेला, २००७ मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडले आणि कंपनीचे नाव मारुती सुझुकी झाले. आज सुझुकीच्या जगभरातील मोटारविक्रीचा निम्म्याहून मोठा भाग भारतात होतो. डिसेंबर २०२४ मध्ये निधन पावलेल्या ओसामु सुझुकी यांना भारताने मरणोत्तर पद्मविभूषण दिले, यात काही नवल नाही.

इसुझुनेही प्रवासी मोटारी मनापासून केल्या, हे अनेकांना ठाऊक नसते. युद्धानंतर तिने ब्रिटिश हिलमन मिंक्स जुळवली आणि १९६३ मध्ये स्वतःची बेलेट आणली. १९६८ची ११७ कुपे ही गाडी जोर्जेत्तो ज्युजारो या इटालियन रचनाकाराच्या हातची. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांचे पत्रे कारागिरांच्या हाताखालून जात. ती आणि १९८१ची पियाझा या जपानमधील सर्वांत देखण्या मोटारींत मोडतात, असे मी बिनदिक्कत म्हणेन. पण टोयोटा आणि निस्सान यांच्या विक्रेत्यांच्या जाळ्यापुढे ही रूपवती गाडी खपली नाही. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये कंपनीने स्वतःच्या प्रवासी मोटारी बनवणे थांबवले. त्यानंतर काही वर्षे ती जपानमध्ये होंडाच्या गाड्या आपल्या नावाने विकत राहिली.

कंपनी तगली ती डिझेलवर. १९५९ मध्ये आलेला एल्फ हा छोटा ट्रक आणि पुढच्या वर्षी त्याला मिळालेले डिझेल इंजिन यांनी शहरातल्या मालवाहतुकीत तिचे पाय रोवले. फिलिपिन्समधील जीपनी नावाच्या रंगीबेरंगी प्रवासी गाड्यांमध्ये जपानहून आलेली जुनी इसुझु डिझेल इंजिने बसवण्याची रीत दशकानुदशके चालली, आणि जुने इंजिन दुसऱ्या देशात नव्याने कामाला लागते, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असावे? थायलंडमध्ये इसुझुची डी-मॅक्स ही पिकअप गाडी शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सर्वांच्या दारात दिसते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअप गाड्यांत २००१ पासून बसलेले ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स डिझेल इसुझुच्या सहभागातून घडले. म्हणजे इसुझुचे बरेचसे कर्तृत्व दुसऱ्याच्या बॉनेटखाली राहिले.

सुझुकीची गोष्ट इथे नेमकी उलटी आहे. पेट्रोलची छोटी, हलकी इंजिने हा तिचा हातखंडा. डिझेल तिने बहुधा उसने घेतले. मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये प्यूजोचे डिझेल होते, तर स्विफ्ट आणि डिझायरमधले भारतभर गाजलेले १.३ लिटरचे डिझेल मूळ फियाटचे. सुझुकीने स्वतः केलेले ७९३ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल २०१५ मध्ये सेलेरिओत आले आणि दोनच वर्षांत त्या गाडीतून गेले; एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल पूर्ण सोडले. ‘सुझुकीचे डिझेल’ असे कौतुक कोणी केले तर ते बहुतेक वेळा फियाटचे कौतुक असते.

दोघींची खरी सरमिसळ केली ती जनरल मोटर्सने. तिने १९७१ मध्ये इसुझुचे सुमारे ३४ टक्के समभाग घेतले आणि १९८१ मध्ये सुझुकीचे सुमारे ५ टक्के. पुढे हे आकडे अनुक्रमे ४९ आणि २० टक्क्यांपर्यंत गेले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जिओ या नाममुद्रेखाली विकली जाणारी मेट्रो ही सुझुकीची गाडी होती, तर स्टॉर्म ही इसुझुची. युरोपात ओपेल या तेव्हा जनरल मोटर्सच्याच असलेल्या कंपनीच्या दालनात उभी असलेली छोटी अजिला म्हणजे सुझुकीची वॅगन आर, आणि तिच्या शेजारच्या अ‍ॅस्ट्राचे १.७ लिटरचे डिझेल पोलंडमधील तिखी येथील इसुझुच्या कारखान्यातले. एका दुकानात, एका चिन्हाखाली दोन्ही कंपन्यांचे काम विकले जात असताना गिऱ्हाइकाने त्या वेगळ्या ओळखाव्यात कशा? जनरल मोटर्सने २००६ मध्ये इसुझुतून आणि २००८ मध्ये सुझुकीतून पूर्ण अंग काढून घेतले.

लौकिकाच्या दृष्टीने दोघींवर अमेरिकेत जे बेतले, ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने १९८८ मध्ये सुझुकी समुराई ही छोटी जीप झटकन वळवताना उलटण्याचा धोका आहे, असे सांगून तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवले. हीच समुराई आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या मारुती जिप्सीची सख्खी बहीण. १९९६ मध्ये त्याच मासिकाने इसुझु ट्रूपरवर तोच शिक्का मारला. दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. सुझुकीचा आरोप असा होता की गाडी सुरुवातीला तोल सांभाळत असल्यामुळे चाचणीची आखणीच बदलली गेली. मासिकाने तो नाकारला. इसुझुच्या खटल्यात ज्यूरीने २००० मध्ये मासिकाची काही विधाने खोटी ठरवली, पण भरपाई दिली नाही. सुझुकीचा वाद २००४ मध्ये पैशाच्या देवघेवीविना तडजोडीने मिटला. दोन्ही निकालांत दोन्ही पक्षांना आपापला विजय दाखवता आला. गाड्यांची विक्री मात्र तोवर बसली होती, आणि उंच, अरुंद गाडी वेगात वळवताना जपावे हा धडा जिप्सी चालवलेल्या कोणालाही पटेल असाच आहे. इसुझुने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत प्रवासी वापराच्या गाड्या विकणे बंद केले. सुझुकीच्या तेथील कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून मोटारविक्री थांबवली. सुझुकीच्या बाबतीत दोष केवळ मासिकाच्या माथी मारता येणार नाही. शेवटच्या दशकात ती तेथे कोरियातील देवूने बनवलेल्या गाड्याही आपले चिन्ह लावून विकत होती, आणि छोटी गाडी उत्तम करणाऱ्या कंपनीने दुसऱ्याच्या सामान्य गाड्यांवर आपले नाव घालणे ही मला तिची मोठी चूक वाटते. जपानमध्येही तिच्या नावाला डाग लागला: अंतिम तपासणीतील गैरप्रकार उघड झाल्यावर २०१९ मध्ये सुमारे २० लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

भारतात इसुझुचे नाव सुझुकीइतके घरोघरी पोचले नाही, तरी ते पुष्कळांच्या प्रवासात होते. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये आणि पुढे अँबॅसिडरच्या १८०० आयएसझेड या गाडीत इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. जुन्या अँबॅसिडरच्या मंद इंजिनाची सवय असलेल्या चालकांना त्या ‘इसुझु इंजिन’चे अप्रूप वाटे. कंपनी स्वतःच्या नावाने आली ती २०१२ मध्ये, आणि आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे २०१६ पासून डी-मॅक्स बनवू लागली.

एसएमएल इसुझु हे नाव वाचताना मात्र जपून असावे. पंजाबातील ही कंपनी मूळची स्वराज माझदा. २०११ मध्ये तिने नाव बदलले, तरी तिच्या अनेक बस आणि छोटे ट्रक मूळ माझदाच्या तंत्रावरच चालत राहिले, त्यामुळे शाळेच्या बसवर इसुझु लिहिलेले असले तरी आत इसुझुचे इंजिन असेलच असे नव्हते. २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने सुमितोमो ही जपानी कंपनी आणि इसुझु यांचे मिळून ५८.९६ टक्के समभाग ५५५ कोटी रुपयांना घेतले आणि कंपनीचे नाव एसएमएल महिंद्र झाले. दरम्यान टोयोटाने २०१९ मध्ये सुझुकीत आणि २०२१ मध्ये इसुझुत पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला असून मालवाहू गाड्यांच्या नव्या तंत्रासाठी तिने काढलेल्या कंपनीत दोघीही सामील झाल्या: इसुझु ट्रकसाठी, सुझुकी छोट्या मालवाहू गाड्यांसाठी.