भाजलेल्या झिटीतील पाण्याचा हिशेब

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातील इटालियन-अमेरिकन घरांत रविवारच्या जेवणाला, बाप्तिस्म्याच्या मेजवानीला आणि दुःखाच्या प्रसंगी शेजाऱ्यांनी पाठवलेल्या जेवणातही जो पदार्थ हमखास आढळतो, तो म्हणजे बेक्ड झिटी. झिटी नावाचा नळीसारखा पास्ता अर्धवट उकडून घ्यायचा, टोमॅटोचा सॉस आणि रिकोटा चीज घालून कालवायचा, खोलगट भांड्यात पसरून वर मोझरेला आणि पार्मेझान घालायचे व ओव्हनमध्ये भाजायचे, एवढीच त्याची कृती. मात्र कृती सोपी असली तरी पदार्थ बेभरवशाचा आहे. कधी पास्त्याचा लगदा होतो, कधी भांड्याच्या तळाशी पाणी साचते, तर कधी सॉस पूर्ण आटून वड्या पाडता येतील इतका कोरडा गोळा हाती येतो. या तिन्ही बिघाडांच्या मुळाशी पाणीच असते. येथील प्रत्येक घटक पाणी घेणारा तरी असतो किंवा देणारा तरी, आणि ओव्हनमधील पाऊण तासात या देवघेवीचा मेळ बसला, तरच पदार्थ साधतो.

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन लोक अमेरिकेत गेले. त्यांतील बहुसंख्य नेपल्स, सिसिली, कालाब्रिया अशा दक्षिणेकडील गरीब प्रदेशांतले होते. तिकडे भाजलेला पास्ता सणासुदीलाच होत असे, आणि लांबलचक झिटी हाताने मोडून वापरली जात असे. अमेरिकेत दूध, चीज आणि मांस त्यांच्या आवाक्यात आले, झिटी कारखान्यातूनच आखूड कापून येऊ लागली आणि पदार्थातील चीजचे प्रमाण मूळ गावी कोणी कल्पनाही केली नसती इतके वाढले. आज नेहमीच्या कृतीत सुमारे ४५० ग्रॅम पास्त्यासाठी जवळजवळ तितकाच रिकोटा आणि ३०० ते ४०० ग्रॅम मोझरेला असतो.

झिटी ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनते. हा गहू महाराष्ट्राला परका नाही. रव्यासाठी आणि शेवयांसाठी नावाजलेला बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ सारखे ड्युरमचे वाण विकसित केले आहेत. ड्युरमचा दाणा काचेसारखा कठीण असतो आणि त्यात प्रथिने भरपूर असतात. रवा पाण्यात मळून साच्यातून दाबून काढला की त्यातील ग्लुटेन या चिवट प्रथिनाची जाळी तयार होते आणि स्टार्चचे कण त्या जाळीत अडकून राहतात. पास्ता उकळत्या पाण्यात पडल्यावर दोन गोष्टींची शर्यत लागते. साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, आणि त्याहून थोड्या अधिक तापमानाला प्रथिनांची जाळी घट्ट होऊ लागते. जाळी मजबूत असली तर फुगलेले कण आतच राहतात आणि नळी चावताना तिचा जीव जाणवतो. ती कमकुवत असली तर कण फुटून स्टार्च बाहेर येतो आणि पास्ता चिकट होतो. मऊ गव्हाच्या स्वस्त पास्त्याची झिटी भाजल्यावर हटकून लगद्याकडे झुकते, याचे कारण हेच.

पाणी नळीच्या पृष्ठभागाकडून गाभ्याकडे अगदी सावकाश झिरपते. त्यामुळे अर्धवट शिजलेली नळी मोडून पाहिली, तर मध्ये पांढुरकी रेषा दिसते. तेथपर्यंत पाणी अजून पोहोचलेले नसते. वेष्टनावर लिहिलेल्या वेळेच्या तीन-चार मिनिटे आधी पास्ता निथळून घ्यावा, असे जाणकार सांगतात ते या रेषेसाठीच. भांडे ओव्हनमध्ये गेल्यानंतरही हा पास्ता पाणी पीत राहतो आणि ते पाणी त्याला सॉसमधूनच मिळते. म्हणून ताटात वाढताना योग्य वाटेल असा दाट सॉस येथे चालत नाही. तो थोडा सैलच ठेवावा लागतो. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते, तेव्हा सॉस किती आटवायचा हा निर्णय पुढे पास्ता किती पिणार आहे, हे पाहूनच घ्यायचा असतो. पास्ता पूर्ण शिजवून वर आटलेला सॉस घालणे, ही कोरड्या गोळ्याची सरळ वाट आहे. उकळत्या पाण्यात मीठ घातल्याने पास्ता लवकर शिजतो, हा समज मात्र सोडून द्यावा. लिटरला १० ग्रॅम मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाच्या पाचव्या हिश्श्यानेही वाढत नाही. मीठ घालायचे ते चवीसाठी.

चीजकडे वळले की विषय खरा रंगतो. दुधातील केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म पुंजके कॅल्शियम फॉस्फेटने एकमेकांशी बांधलेले असतात. मोझरेला करताना दूध रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकराने साकळवतात आणि जिवाणूंनी तयार केलेल्या लॅक्टिक आम्लाने त्याचा सामू (पीएच) ५.२ च्या आसपास येऊ देतात. या टप्प्यावर काही कॅल्शियम विरघळून निघून जाते, पण सगळे नाही. बंध सैल होतात, तुटत नाहीत. मग हा गोळा गरम पाण्यात ताणला आणि घडी घालून पुन्हा ताणला की केसीनचे धागे एका दिशेने लागतात. भाजल्यावर चीजच्या ज्या तारा निघतात, त्यांची तयारी येथे झालेली असते. ओव्हनमध्ये ३० ते ४० अंशांच्या दरम्यान आधी चरबी पातळ होते, आणि ६० अंशांच्या आसपास केसीनचे उरलेले बंध इतके सैलावतात की चीज वाहू लागते.

आता मोझरेला कोणता, हा प्रश्न उरतो. पाण्यात ठेवून विकला जाणारा ताजा, मऊ मोझरेला अधिक अस्सल, म्हणून तोच घ्यावा असा आग्रह अनेक जण धरतात. या पदार्थापुरता तो मला चुकीचा वाटतो. अमेरिकेच्या अन्नमानकांनुसार साध्या मोझरेलात ५२ ते ६० टक्के पाणी असू शकते, तर कमी ओलाव्याच्या मोझरेलात ते ४५ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान असते. ताज्या चीजमधील हे जादा पाणी उष्णतेने सुटते आणि जाड थराखाली त्याला वाफ होऊन निघून जायला वाव नसल्याने ते सॉसमध्ये उतरते. बाजारात किसून मिळणाऱ्या चीजवर कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते. ती पाणी धरते आणि चीज एकजीव होऊ देत नाही, म्हणून लादी आणून घरी किसावी. आपल्याकडे सहज मिळणारे प्रोसेस्ड चीज तर वेगळ्याच वळणाचे असते. त्यात घातलेले सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार केसीनकडून कॅल्शियम काढून घेतात; त्यामुळे ते गुळगुळीत मऊ होते, पण त्याला तारा सुटत नाहीत.

रिकोटाचे वागणे याच्या अगदी उलट असते. तो परंपरेने चीज करताना उरलेली निवळी तापवून करतात. अमेरिकेत त्यात बहुधा दूधही असते. उष्णतेने निवळीतील प्रथिनांची घडी उलगडते आणि आम्लाच्या साहाय्याने ती एकमेकांना घट्ट धरतात. हे बंध उष्णतेनेच जोडलेले असल्याने पुन्हा तापवून सुटत नाहीत. पनीर कितीही परतले तरी वितळत नाही, त्यामागेही हेच रसायन आहे: दूध उकळी येईपर्यंत तापवल्याने निवळीतील प्रथिने केसीनला चिकटतात, आणि लिंबाने ते नासवल्यावर सगळेच एकत्र साकळते. अशा चीजला जास्त उष्णता दिली की ते वितळण्याऐवजी आकसते आणि अंगातले पाणी बाहेर टाकते. भाजलेल्या पास्त्यातला रिकोटा रवाळ लागतो तो यामुळे. उपाय म्हणून रिकोटात एक अंडे फेटून घालतात. अंड्यातील प्रथिने ६० ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होताना सुटलेले पाणी आपल्या जाळीत धरून ठेवतात. अंडे न खाणाऱ्यांना मैद्याचा थोडा दाट पांढरा सॉस मिसळून तेच काम स्टार्चकडून करून घेता येते. रिकोटा न मिळाल्यास ताजे, वजनाखाली न दाबलेले पनीर कुस्करून थोड्या सायीबरोबर वापरणे हा चांगला पर्याय आहे. चक्का मात्र टाळावा. तो आंबट असतो आणि तापल्यावर फाटून पाणी सोडतो.

ओव्हन १९० अंशांवर लावलेला असला, तरी आतील पास्त्याला त्या तापमानाचा पत्ताही नसतो. जोवर पाणी शिल्लक आहे, तोवर मिश्रणाचे तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. शिवाय अशा घट्ट, ओल्या मिश्रणातून उष्णता सावकाश आत शिरते आणि गाभा तापायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला तर वेळ जवळजवळ चौपट लागतो. सुमारे पाच सेंटिमीटर खोलीच्या पसरट भांड्यात हा पदार्थ करण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. पहिला अर्धा तास भांडे झाकलेले असावे, म्हणजे वाफ आत राहते आणि वरच्या नळ्या वाळून कडक होत नाहीत. मग झाकण काढले की पृष्ठभागावरचे पाणी उडते, तेथील तापमान १४० अंशांच्या वर चढते आणि फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली, साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रिया वेगाने सुरू होते. मोझरेलात यासाठी लागणारी साखर असते, कारण तो करताना वापरला जाणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू दुधातील साखर फोडून त्यातला ग्लुकोज खातो आणि गॅलॅक्टोज बहुतेक तसाच टाकून देतो.

चीजवर पडणारे तपकिरी डाग एकसारखे नसतात, त्यालाही कारण आहे. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी पिझ्झ्यावर निरनिराळी चीजे भाजून पाहिली. मोझरेला लवचीक असल्याने वाफेने त्याचे मोठे फुगे येतात, फुग्याच्या माथ्यावरून तेल ओघळून जाते, उघडा पडलेला भाग वाळतो आणि करपट तपकिरी होतो. चेडर पुरेसे ताणले जात नसल्याने त्याला असे फुगे येत नाहीत. प्रोव्होलोनेसारख्या चीजमधून इतके तेल सुटते की त्याचा थर पाणी उडू देत नाही.

झाकणासाठी ॲल्युमिनियमचा पातळ कागद वापरणाऱ्यांनी एक गंमत ध्यानात ठेवावी. भांडे स्टीलचे असेल, कागद त्याच्या काठाला घट्ट दाबलेला असेल आणि आत टोमॅटोच्या सॉसलाही टेकत असेल, तर नकळत एक विद्युतघट तयार होतो. आंबट-खारट सॉस त्यातील विद्युतवाहक द्राव ठरतो, ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि सॉसमध्ये विरघळू लागते. शिल्लक पदार्थ रात्रभर असा ठेवला, तर सकाळी कागदाला बारीक भोके आणि अन्नावर करडे ठिपके दिसतात. लझान्या या थरांच्या भाजलेल्या पास्त्यावरून या प्रकाराला ‘लझान्या सेल’ असे नावच पडले आहे. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून आमटीतील आंबटापासून त्यांना जपणाऱ्या समाजाला यात फार नवल वाटू नये. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घेतले की हा घट जुळत नाही. कागद अन्नाला टेकू न देणे, हे मात्र तेव्हाही बरे.

ओव्हनमधून काढल्याबरोबर वाढले, तर सॉस ताटभर पसरतो. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास नळ्या उरलेले मोकळे पाणी पितात, बाहेर आलेला स्टार्च थंड होताना दाटतो आणि चीजही किंचित घट्ट होते. मग चौकोनी तुकडा न मोडता निघतो. उरलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, कारण शिजलेल्या पास्त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढू शकतो आणि वांती आणणारे त्याचे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. फ्रीजमध्ये स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत जुळतात आणि पास्ता ताठ होतो. त्यातील ॲमायलोपेक्टिन या फांद्या असलेल्या रेणूंची ही जुळणी ६० अंशांच्या आसपास मोडते. म्हणून दुसऱ्या दिवशी वर दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून तो सावकाश, पण आतपर्यंत वाफाळेल इतका तापवावा.