अंडाशयातल्या ‘गाठी’ म्हणजे वांझपण नव्हे

दादरच्या एका सोनोग्राफी सेंटरबाहेर भाचीने रिपोर्ट माझ्या हातात दिला. डोळे भरलेले. ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द वाचून शेजारच्या काकू आधीच म्हणाल्या होत्या, "गाठी आहेत, आता मूल कसलं होतंय!"

हा समज वर्षानुवर्षं घरोघरी फिरतोय आणि तो चुकीचा आहे. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखे दिसणारे ते काळे ठिपके गाठी नसतातच. ती बीजांडाची छोटी पुटकं असतात, पुरती न वाढता मध्येच थांबलेली. म्हणजे बीजं संपलेली नाहीत, फक्त ती वेळेवर बाहेर पडत नाहीत. अडचण तिथे आहे, आणि त्यावर औषध आहे.

लेट्रोझोल हे मूळचं स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. अमेरिकेत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हाच त्रास) असलेल्या 750 स्त्रियांवर त्याची क्लोमिफीन या बीज सुटण्यासाठीच्या जुन्या औषधाशी तुलना झाली. 2014 साली निष्कर्ष आले: जास्तीत जास्त पाच पाळीचक्रांच्या उपचारात लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्या 19.1 टक्के स्त्रियांना. आज बीज सुटण्यासाठी सहसा आधी लेट्रोझोलच देतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरल्यानेही काहींची पाळी नियमित होते. टेस्ट ट्यूब बेबीची वेळ सगळ्यांवर येत नाही.

आणि मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरायलाच हवं. ‘मला कुठे राहणार’ म्हणून बेफिकीर राहिलेल्यांना दिवस गेलेले आहेत.