सौदानोंदींचे क्लाउड-समक्रमण

बाजारपेठेतील रोजच्या सौद्यांच्या नोंदी दुकानातील संगणकावरून दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये पोचवून दोन्हीकडचा हिशेब जुळता ठेवण्याची पद्धत. हे काम बहुधा कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून, चालणारे छोटे साधन ठरलेल्या वेळी करते. येथे सांगलीच्या हळद बाजाराच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे लिलावाने होतात. आवकेचा भर साधारणपणे फेब्रुवारी ते मे असा असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सौदानोंदीत शेतकरी, अडत दुकान, खरेदीदार, लॉट, पोती, वजन आणि क्विंटलचा दर येतो. त्यावरूनच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, निघते. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर शहरात शिरला होता. हिशेबाची एक प्रत शहराबाहेर का हवी, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. एका मताने तिचे मूळ फाइल-समक्रमणात आहे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘आरसिंक’ हे त्याचे ठळक उदाहरण. ते फाइलचा बदललेला भागच पाठवते. दुसऱ्या मताने मूळ डेटाबेसच्या व्यवहार-लॉगमध्ये (प्रत्येक बदलाची क्रमाने ठेवलेली नोंदवही), म्हणजे साधारणपणे १९७० च्या दशकातील संशोधनात शोधावे लागते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये व्यवहार-संकल्पनेचे विवेचन करताना जमाखर्चाचा जुना दंडक पुढे ठेवला : वहीतली नोंद बदलायची नाही, चूक झाली तर तिच्यावर तशी खूण करून भरपाईची नवी नोंद घालायची. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांना हा दंडक नवा नाही. सौदानोंदींपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण फाइल-समक्रमणात नवी प्रत जुनीवर चढते आणि दर केव्हा, किती बदलला याचा माग उरत नाही.

मांडणी : साधन उतरवून घेणे, सेटिंग फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता देणे आणि ‘क्रॉन’मध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी संगणकातील सोय) वेळ लावणे ही कामे सोपी आहेत. पासवर्ड आज्ञेतच लिहू नये; तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो. खरा कस नोंदीची ओळख ठरवण्यात लागतो. नोंद सर्व्हरवर पोचली, पण पोच परत येण्याआधीच इंटरनेट तुटले, तर साधन तीच नोंद पुन्हा पाठवते. ओळख पक्की नसेल तर एका लॉटचे दोन होतात आणि पट्टी चुकते. लॉट क्रमांक रोज एकपासून सुरू होत असल्यास तो एकटा पुरत नाही. तारीख, दुकान व लॉट यांची जोडकिल्ली (तिन्ही मिळून नोंदीची एकच ओळख) करावी, किंवा नोंद प्रथम लिहितानाच तिला स्वतंत्र क्रमांक द्यावा. हा क्रमांक पाठवताना दिला तर प्रत्येक फेरीत नवा निघेल आणि उपयोग संपेल. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून (२०१६) किल्ली आधीच असल्यास नोंद गाळण्याची थेट सोय आहे. दरदुरुस्ती मात्र मूळ नोंदीचा क्रमांक सांगणारी वेगळी नोंद म्हणूनच जावी.

सर्व्हरवरील वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत भरलेल्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. म्हणून सौद्याची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवणे आवश्यक आहे. रक्कम दशांश प्रकारात किंवा पूर्ण पैशांत साठवावी. तरंगत्या बिंदूच्या (फ्लोटिंग पॉइंट) संख्यांत अपूर्णांक अंदाजे साठत असल्याने बेरजेला सूक्ष्म फरक पडतो.

पडताळणी : दोन्हीकडची नोंदसंख्या, एकूण वजन आणि एकूण रक्कम रोज ताडून पाहावी. केवळ नोंदसंख्या जुळणे पुरेसे नाही. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक या कामाला लागत नाहीत. ते पाठवू नयेत.