‘मंजूर’ म्हणजे ‘लागू’ नव्हे

विधेयक आणि कायदा यांतला फरक नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता, तो पुन्हा उगाळत नाही. सभागृहात असतं ते विधेयक. राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही झाली की कायदा. ‘संहिता’ या शब्दाचाही बाऊ नको. संहिता म्हणजे कायदाच, जुने कायदे एकत्र करून केलेला. घोळ होतो तो सहीच्या पुढे. कायदा झाला म्हणजे तो त्याच दिवशी चालू झाला, असं लोक धरून चालतात आणि त्याची किंमत कामगार मोजतो.

2022 सालचा ऑगस्ट. चाकणला पहिली पाळी सुटल्यावर टपरीवर लातूरकडच्या एका कंत्राटी पोराने जुलैच्या पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. हजेरी 26 दिवस, रोज बारा तास, आणि ओटीच्या, म्हणजे जादा कामाच्या (ओव्हरटाइम) रकान्यात शून्य. “सुपरवायझर म्हणतो, 1 जुलैपासून नवा लेबर लॉ लागू झालाय. आता ड्युटीच बारा तासांची, ओटी बंद. दादा, खरंय का?” सोबत मोबाईलवर फिरत आलेला मेसेज होताच.

खरं नव्हतं. हा ‘नवा लेबर लॉ’ म्हणजे केंद्राच्या चार कामगार संहिता. त्यांतली वेतन संहिता संसदेत मंजूर झाली 2019 च्या ऑगस्टमध्ये. उरलेल्या तीन संहिता सप्टेंबर 2020 मध्ये, राज्यसभेत तर विरोधकांचा बहिष्कार चालू असताना. त्याच महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. म्हणजे ‘कायदा झाला’ हे बरोबरच. पण प्रत्येक संहितेच्या कलम 1 मध्येच लिहिलेलं आहे, की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेपासून ती अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींना वेगवेगळ्या तारखाही देता येतील. कामगाराच्या दृष्टीने अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, आणि बातमीत नेमकं हेच गळतं. ती अधिसूचना निघेपर्यंत जुना कायदा पूर्ण जिवंत असतो. त्या जुलैत 1948 चा कारखाने कायदा चालू होता: आठवड्याला 48 तास, त्यावर काम केलं की दुप्पट दराने ओटी. त्या पोराचे आठवड्याला 72 तास भरत होते. म्हणजे 24 तासांची दुप्पट मजुरी बुडाली, आणि ओटी धरून 60 तासांची जी कमाल मर्यादा होती तीही मोडली.

संहितेत तरी ‘बारा तास’ कुठे होते? कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांबद्दलच्या संहितेत दिवसाला आठ तासच आहेत आणि ओटीही दुप्पटच. बारा हा आकडा आला नियमांच्या मसुद्यातून, आणि तिथेही तो मधली विश्रांती धरून होता. मसुदा म्हणजे हरकती मागवायला काढलेला कागद. त्यावर कुणाचा पगार कापता येत नाही.

मंजुरी आणि अंमल यांत किती अंतर असावं याला काही माप नाही. आपला दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा सप्टेंबर 2017 मध्ये राजपत्रात आला आणि 19 डिसेंबरला लागूही झाला. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. दिल्लीचा 1995 चा भाडे कायदा संसदेने मंजूर केला, सही झाली, आणि तो कधीच लागू झाला नाही. सभागृहात आमदार-खासदार किती तावातावाने बोलले यावरून तारखेचा अंदाज बांधू नये.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती मथळ्यातल्या ‘मंजूर’ या शब्दाची. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायच्या प्रस्तावाला मान्यता दिली. ती मान्यता मंत्रालयातली, सभागृहातली नव्हे. तरी दुसऱ्या दिवशी भोसरीत लोक ‘बारा तास मंजूर झाले’ म्हणत पाळीचं वेळापत्रक विचारत होते. मंत्रिमंडळाने मंजूर केलं की सभागृहाने, एवढं लिहायला मथळ्यात जागा नसेल तर ‘मंजूर’ हा शब्दच वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

चाकणच्या त्या पोरासाठी तेव्हा, 2022 मध्येच, आम्ही अर्ज लिहिला. त्यात मागणी एकच: नवा कायदा ज्या अधिसूचनेने लागू झाला तिचा क्रमांक आणि दिनांक लेखी द्या. ठेकेदाराकडून लेखी उत्तर आलं नाही. सप्टेंबरच्या चिठ्ठीत ओटीचे तास परत दिसले. जुलै-ऑगस्टच्या पैशांसाठी मात्र दिवाळीपर्यंत खेटे घालावे लागले.

पुढे 21 नोव्हेंबर 2025 ला चारही संहिता खरोखर लागू झाल्या, आणि घोळ उलटा झाला. ‘लागू झाला’ हे इतक्यांदा खोटं ऐकलं होतं, की आता कुणाचा विश्वास बसेना. जुने 29 कायदे त्यांत विलीन झाले. कायदा लागू होणं आणि त्याखालचे नियम होणं हेही दोन वेगळे टप्पे आहेत. नवे नियम येईपर्यंत जुने नियम नव्या कायद्याच्या विरोधात नसतील तिथवर चालतात. त्यामुळे ‘नियम नाहीत म्हणजे कायदाच नाही’ हेही कुणी सांगितलं तर ऐकू नका.

त्या संध्याकाळी त्याच पोराचा फोन आला. “दादा, ह्या वेळी खरंच लागू झालं का?” हो म्हणालो, अधिसूचनेची तारीख लिहून घ्यायला सांगितली, आणि ओटी नव्या कायद्यातही दुप्पटच आहे हे दोनदा सांगितलं. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या त्याने पिशवीत बांधून ठेवल्यात म्हणाला. त्या फेकू नकोस, एवढं सांगून फोन ठेवला.